अग्निबाणाचा तोल, अहवालाचे मौन

श्रीहरिकोट्याच्या पहिल्या प्रक्षेपण तळावरून १२ जानेवारी २०२६ रोजी सकाळी ‘पीएसएलव्ही-सी ६२’ झेपावला, तेव्हा पहिले दोन टप्पे अपेक्षेबरहुकूम पार पडले. तिसऱ्या टप्प्याचे ज्वलनही बहुतांश ठीक चालले होते. ते संपत आले असताना मात्र अग्निबाण स्वतःच्या लांबट अक्षाभोवती नको तितक्या वेगाने फिरू लागला आणि मार्ग बदलला. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी त्याच दिवशी तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस ‘रोल’च्या वेगात गडबड दिसली आणि त्यानंतर मार्गात विचलन झाले, एवढे सांगितले. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेचा ‘ईओएस-एन १’ म्हणजेच ‘अन्वेषा’ हा उपग्रह आणि सोबतचे पंधरा लहानमोठे प्रवासी या विचलनात गेले. त्याआधी १८ मे २०२५ रोजी ‘सी ६१’ची मोहीमही तिसऱ्याच टप्प्यात फसली होती. त्या वेळी ज्वलनकक्षातील दाब घटल्याचे सांगण्यात आले आणि ‘ईओएस-०९’ हा १,६९६ किलो वजनाचा रडार उपग्रह गमवावा लागला. तीन दशके भरवशाचा मानला गेलेला अग्निबाण लागोपाठ दोनदा एकाच टप्प्यात अडखळावा, ही घटना केवळ दुर्दैवाच्या खात्यावर टाकता येणारी नाही.

‘रोलमध्ये गडबड’ हे शब्द वर्तमानपत्रांत छापून आले, वाचले गेले आणि विसरलेही गेले. वास्तविक या दोन शब्दांत अग्निबाणशास्त्रातील एक अत्यंत नाजूक आणि सामान्यतः दुर्लक्षित विषय दडलेला आहे. अग्निबाणाने किती वेग घेतला याची चर्चा होते. तो कोणत्या दिशेला तोंड करून होता, याची होत नाही. वस्तुतः वरच्या टप्प्यात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच निर्णायक असतो. इंजिनाचा रेटा पूर्ण मिळाला, पण अग्निबाणाचे नाक काही अंशांनी वाकडे राहिले, तर मिळालेला वेग चुकीच्या दिशेला खर्च होतो आणि उपग्रह एक तर भलत्याच कक्षेत जातो किंवा समुद्रात.

अग्निबाणाची ही अभिमुखता तीन अक्षांवर सांभाळावी लागते. नाक वर-खाली होणे म्हणजे पिच, डावी-उजवीकडे वळणे म्हणजे यॉ आणि स्वतःभोवती गिरकी घेणे म्हणजे रोल. खालच्या टप्प्यांत वातावरण असते, हवेचा दाब एकाच वेळी शत्रूही असतो आणि आधारही. वर, शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर, रेलायला हवा नसते. तेथे अग्निबाणाला वळवायचे तर काहीतरी बाहेर फेकावेच लागते. मुख्य इंजिन चालू असेल तर त्याचे नॉझल किंचित तिरपे करून पिच आणि यॉ सांभाळता येतात. रोलची गोष्ट निराळी. मध्यरेषेवर बसवलेले एकच नॉझल कसेही वळवले तरी अग्निबाणाला स्वतःभोवती फिरवू किंवा थांबवू शकत नाही. भोवरा मधोमध ढकलून फिरत नाही, त्याला कडेने दोरी लागते. ही दोरी म्हणजे टप्प्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले लहानसे थ्रस्टर.

पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यात नेमकी हीच रचना आहे. केव्हलर तंतूंच्या आवरणात सुमारे साडेसात टन घन इंधन, तळाशी दोन अंशांपर्यंत वळू शकणारे लवचिक जोडाचे एकच नॉझल आणि रोल सांभाळण्याची जबाबदारी मात्र त्याच्या डोक्यावर बसलेल्या चौथ्या टप्प्याच्या छोट्या थ्रस्टरांकडे. चौथा टप्पा द्रव इंधनाचा. त्याला दोन इंजिने आहेत. ती परस्परविरुद्ध दिशांना कलवली की रोलही आटोक्यात राहतो, आणि इंजिने बंद असतात त्या काळात हे थ्रस्टर तिन्ही अक्ष सांभाळतात. म्हणजे तिसरा टप्पा जळत असताना त्याचा तोल अंशतः अशा यंत्रणेच्या हाती असतो, जिच्या स्वतःच्या टप्प्याचे काम अजून सुरूही झालेले नसते. वजनाच्या हिशेबात ही काटकसर शहाणपणाची आहे. एकच यंत्रणा दोन टप्प्यांना पुरते. पण या काटकसरीला एक मर्यादा आहे आणि ती आकड्यांत पाहण्यासारखी आहे. तिसऱ्या टप्प्याचा रेटा २४० किलोन्यूटनच्या आसपास असतो; एका थ्रस्टरचा रेटा ५० न्यूटन. तिसऱ्या टप्प्याच्या रेट्याचा अवघा हजारावा भाग जरी कडेने, तिरका निसटला, तरी तो २४० न्यूटन भरतो. पाचपट ताकदीच्या या गिरकीपुढे ५० न्यूटनचा थ्रस्टर काय करणार? त्यातच सडसडीत बांध्याच्या अग्निबाणाचे लांबट अक्षाभोवतीचे जडत्व कमी असते, त्यामुळे थोड्याशा पिळानेही तो भराभर फिरू लागतो.

म्हणूनच ‘सी ६२’च्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. रोल बिघडला म्हणजे रोल नियंत्रणाची यंत्रणा बिघडली, असे नव्हे. ताप हा जसा आजार नसून लक्षण असतो, तसेच हे. थ्रस्टरचा एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, संवेदकाने चुकीचे वाचन दिलेले असू शकते. आणि दोन्ही यंत्रणा धडधाकट असताना खाली नॉझलपाशी वा आवरणात वायूला वाट मिळून त्या गळतीनेच अग्निबाणाला पीळ दिलेला असू शकतो. मे २०२५ मध्ये दाब घटणे आणि जानेवारी २०२६ मध्ये गिरकी वाढणे ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत की दोन स्वतंत्र अपघात, हा या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे.

अग्निबाण आकाशात गेल्यावर तोल सांभाळणे हे काम मुख्यतः संगणक आज्ञावलीचे असते, आणि खरी रचनाकारांची परीक्षा तेथे आहे. लहान थ्रस्टर दिव्याच्या बटनासारखे असतात. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. मधली अवस्था नाही. त्यामुळे आज्ञावलीत एक सुटीची पट्टी ठेवावी लागते. अग्निबाण या पट्टीत किंचित इकडेतिकडे झुलला तरी दुर्लक्ष करायचे, पट्टीबाहेर जाऊ लागला की क्षणभर थ्रस्टर मारायचा. पट्टी अरुंद ठेवली तर थ्रस्टर सतत खडखडत राहतात आणि इंधन संपते. रुंद ठेवली तर उपग्रह सोडताना तो वेडावाकडा सुटतो. शिवाय टाक्यांतील द्रव हिंदकळत असतो, लांब सांगाडा स्वतः सूक्ष्म कंप पावत असतो आणि संवेदकांना हे सारे अग्निबाण वळल्यासारखे भासते. या खोट्या हालचाली गाळून टाकणारी गणिती चाळणी लावावी लागते. चाळणी सैल असेल तर अग्निबाण स्वतःच्याच कंपांशी झगडत बसतो. घट्ट असेल तर खरी हालचालही तिच्यातून निसटते.

चाळणी चुकल्यावर काय होते, याचे जगातील सर्वांत महागडे उदाहरण अमेरिकेचे आहे. ३० एप्रिल १९९९ रोजी ‘टायटन ४’ अग्निबाणाच्या ‘सेंटॉर’ या वरच्या टप्प्यावरून ‘मिलस्टार’ हा लष्करी संदेशवहन उपग्रह निघाला. रोलच्या चाळणीतील एक स्थिरांक उणे १.९९२४७६ असा भरायचा होता. तो हाताने टंकताना उणे ०.१९९२४७६ असा पडला. दशांशचिन्ह एक घर सरकले. परिणामी रोलचा वेग आज्ञावलीच्या दृष्टीने शून्यच राहिला. सेंटॉर गिरक्या घेऊ लागला, मग पिच आणि यॉही सुटले, तोल सावरण्याच्या धडपडीत थ्रस्टरांचे इंधन संपले आणि कोट्यवधी डॉलरचा उपग्रह निरुपयोगी कक्षेत भिरकावला गेला. चौकशीत पुढे आलेल्या दोन गोष्टी त्या दशांशचिन्हापेक्षाही बोलक्या आहेत. एक, ही चाळणी मुळात आधीच्या एका उड्डाणासाठी इंधनाच्या हिंदकळण्यावर उतारा म्हणून आली होती. ती अनावश्यक ठरल्यावरही ‘आहे ते राहू द्या’ या न्यायाने ठेवली गेली. आणि दुसरी म्हणजे, तळावर उभ्या असलेल्या अग्निबाणाच्या वाचनात रोलचा वेग चमत्कारिक दिसतो आहे, हे उड्डाणापूर्वी काहींच्या नजरेस आले होते. त्याचा पाठपुरावा झाला नाही.

हिंदकळणाऱ्या द्रवाचा धडा ‘स्पेसएक्स’लाही सुरुवातीलाच मिळाला. २१ मार्च २००७ रोजी ‘फाल्कन १’च्या दुसऱ्या उड्डाणात वरच्या टप्प्यातील द्रव ऑक्सिजन हिंदकळू लागला, त्याच्या लयीत टप्पा झुलू लागला, झोके वाढत गेले आणि शेवटी रोलचा ताबा सुटून इंजिन विझले. काठोकाठ न भरलेली बादली घेऊन घाईने चालणाऱ्याची जी गत होते, तीच ही. टाकीत लाटा मोडणारे आडवे पत्रे बसवायचे वजनापायी टाळले गेले होते. वरच्या टप्प्यात वाढलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वजनातून थेट एक किलो कापून घेतो. पहिल्या टप्प्यात तोच किलो फारसा जाणवत नाही. त्यामुळे काटछाटीचा मोह वरतीच अधिक होतो, आणि तोलाची यंत्रणा ही ‘काम न पडले तर ओझे’ वाटणारी गोष्ट असल्याने कात्री तिच्याच दिशेने वळते.

युरोपच्या ‘गॅलिलिओ’ दिशादर्शक प्रणालीचे दोन उपग्रह २२ ऑगस्ट २०१४ रोजी ‘सोयूझ’ने नेले, तेव्हा तर इंजिनातही दोष नव्हता आणि आज्ञावलीतही नव्हता. ‘फ्रेगाट’ या वरच्या टप्प्यात अतिथंड हेलियमची नळी आणि थ्रस्टरांना हायड्राझिन पुरवणारी नळी एकाच आधाराला बांधलेल्या होत्या. थंडी एका नळीतून दुसरीत उतरली, हायड्राझिन गोठले, दोन थ्रस्टर काही काळ उपाशी राहिले, टप्पा कलला, दिशेचा संदर्भ देणारी यंत्रणा तिच्या मर्यादेबाहेर गेली आणि पुढचे ज्वलन चुकीच्या दिशेने झाले. रेखाचित्रांत या दोन नळ्या किती अंतरावर बांधाव्यात, याविषयी संदिग्धता होती आणि कारखान्यातील इतर काही टप्प्यांतही असाच जोड आढळला. म्हणजे यापूर्वीची उड्डाणे या दोषासकट पार पडलेली असण्याचा संभव होता. ‘आजवर कधी काही झाले नाही’ हे वाक्य अग्निबाणाच्या बाबतीत किती पोकळ असते, याचा हा पुरावा. जपानच्या ‘एप्सिलॉन’चे सहावे उड्डाण १२ ऑक्टोबर २०२२ रोजी अशाच कारणाने नष्ट करावे लागले. दुसऱ्या टप्प्याच्या तोल सांभाळणाऱ्या दोन संचांपैकी एकाच्या टाकीतील रबरी पडदा निर्मितीच्या वेळी दुखावला होता आणि त्याने इंधनाची वाट अडवली. टाकीची ही जात उपग्रहांवर वापरून सिद्ध झालेली होती. अग्निबाणावर तिला वेगळी वागणूक मिळते, हे ध्यानात घेतले गेले नव्हते.

भारताला हा विषय नवा नाही. किंबहुना भारतीय अग्निबाणशास्त्राची सुरुवातच तोल सुटण्याने झाली. १० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एसएलव्ही-३’चे पहिले उड्डाण दुसऱ्या टप्प्यात कोसळले. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतील नायट्रिक आम्ल, व्हॉल्व्ह नीट न मिटल्याने, उड्डाणापूर्वीच गळून गेले होते. मुख्य इंधन जळत होते, पण वळवणारे हात रिकामे होते. प्रकल्प संचालक होते एपीजे अब्दुल कलाम. १८ जुलै १९८० रोजी त्याच अग्निबाणाने ‘रोहिणी’ कक्षेत नेला, तेव्हा तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राची धुरा घन इंधनाचे जाणकार वसंत गोवारीकर या पुणेकराकडे होती. पुढे पीएसएलव्हीचे पहिलेच उड्डाण, २० सप्टेंबर १९९३ चे, याच वाटेने गेले. दुसरा टप्पा विलग होताना अग्निबाणाला अनपेक्षित हिसका बसला, हिसका सावरण्याची आज्ञा कमाल मर्यादेपलीकडे गेल्यावर काय करायचे, याविषयी आज्ञावलीत चूक होती, ‘आयआरएस-१ई’ गेला. पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी, पीएसएलव्ही यशस्वी झाला.

त्यानंतर तोल सांभाळण्याच्या या कलेत इस्रोने मोठी मजल मारली, हेही नोंदवले पाहिजे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सी ३७’ने १०४ उपग्रह सोडले, त्या विक्रमामागे चौथ्या टप्प्याने क्रमाक्रमाने घेतलेली अचूक वळणे होती, तसे नसते तर उपग्रह एकमेकांवर आदळले असते. जून २०२२ मध्ये ‘सी ५३’च्या उड्डाणानंतर काम संपलेला चौथा टप्पाच ‘पोएम’ नावाचे प्रयोगपीठ म्हणून कक्षेत राखला गेला. सूर्याचा वेध घेणारे संवेदक, चुंबकमापक, जायरोस्कोप आणि हेलियमचे थ्रस्टर यांच्या बळावर तो आपली अभिमुखता स्वतः सांभाळत होता. एरवी कचरा ठरणाऱ्या धातूच्या नळकांड्याला शिस्तीत उभे करण्याचे हे काम प्रसिद्धीच्या मानाने कितीतरी अवघड होते.

मात्र यशाबरोबर अपयशाची जाहीर चिकित्सा करण्याचीही एक परंपरा इस्रोने घालून दिली होती आणि ‘सी ६१’नंतर नेमकी तीच खंडित झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘जीएसएलव्ही-एफ १०’ फसला, तेव्हा हायड्रोजन टाकीचा दाब का घटला याचा तपशील इस्रोने प्रसिद्ध केला. ७ ऑगस्ट २०२२ रोजी ‘एसएसएलव्ही’च्या पहिल्या उड्डाणात टप्पा विलग होताना झालेल्या कंपनांमुळे आज्ञावलीने सगळेच्या सगळे त्वरणमापक सदोष ठरवले आणि उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी एका टोकाला ७६ किलोमीटरपर्यंत उतरणाऱ्या कक्षेत गेले. ही कबुली लाजिरवाणी होती. तरी ती दुसऱ्या उड्डाणाआधी दिली गेली, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले. युरोपने गॅलिलिओच्या अपयशाची कारणे दीड महिन्यात मांडली. ‘सी ६१’च्या चौकशीसाठी समिती नेमली गेली, पण तिचा अहवाल ‘सी ६२’च्या उड्डाणापर्यंत लोकांसमोर आला नव्हता. दाब का घटला, कोणता दोष सापडला, काय दुरुस्त केले, यांपैकी काहीही ठाऊक नसताना पुढचा अग्निबाण तळावर उभा राहिला.

यावर एक युक्तिवाद केला जातो आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. ‘ईओएस-०९’ आणि ‘अन्वेषा’ हे दोन्ही उपग्रह सुरक्षा दलांच्या उपयोगाचे. शिवाय घन इंधनाचे मोठे मोटर आणि लवचिक नॉझल हे तंत्रज्ञान क्षेपणास्त्रांच्या शेजारचे. त्याचे आराखडे चव्हाट्यावर मांडता येणार नाहीत, हे मान्य. परंतु आराखडा आणि कारण यांत फरक आहे. दोष साहित्यात होता, जोडणीत होता, तपासणीत होता की रचनेत, एवढे सांगण्याने कोणतेही गुपित फुटत नाही. अमेरिकेच्या लष्करी उपग्रहाच्या अपघातातील चुकीचा आकडा दशांशांसकट प्रसिद्ध झाला. त्याने त्या देशाची सुरक्षा धोक्यात आल्याचे ऐकिवात नाही. उलट जगभरच्या अभियंत्यांना तो पाठ्यपुस्तकासारखा उपयोगी पडला.

मौनाची किंमत सर्वांत आधी मोजतात ते लहान प्रवासी. ‘सी ६२’वर विद्यार्थ्यांचे, नवउद्योगांचे आणि परदेशी संस्थांचे उपग्रह होते. स्पेनच्या ‘ऑर्बिटल पॅराडाइम’ या कंपनीची ‘किड’ ही छोटी कुपी तेवढी अपघातातही विलग होऊन काही काळ माहिती पाठवत राहिली. बाकीच्यांच्या काही वर्षांच्या कष्टांतून काहीच हाती लागले नाही. अशा संस्थांना पुढचे तिकीट काढण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच असतो, मागच्या वेळी काय बिघडले होते? विमा उतरवणाराही तोच प्रश्न विचारतो. उत्तर मिळाले नाही, तर दोघेही आपापल्या परीने जोखीम वाढवून धरतात आणि भाडे स्वस्त असण्याचा पीएसएलव्हीचा फायदा तेथेच विरघळू लागतो.

दुसरा संबंध देशातील उद्योगांचा. ‘न्यूस्पेस इंडिया’ने सप्टेंबर २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट दिले. सरकारी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे एकाच हाताखाली तयार झालेल्या तंत्रज्ञाला कोणता जोड किती आवळायचा, हे कागदावर नसले तरी ठाऊक असते. कारखान्यात ते कागदावरच असावे लागते. फ्रेगाटच्या दोन नळ्या एकमेकींना चिकटल्या त्या कागद संदिग्ध असल्यामुळेच. तिसऱ्या टप्प्याचा दोष जर अशाच एखाद्या न लिहिलेल्या पायरीत असेल, तर चौकशी अहवालाचा पहिला वाचक हा कारखान्यातील तपासणीस असला पाहिजे, आणि दुसरा ज्याचा उपग्रह त्यावर चढणार आहे तो.